यूपीएस ओरडतोय, पण दोष कुणाचा?

कॉलेजचं सबमिशन असो, सेतू केंद्रातला दाखला असो की गावातलं दूध संकलन, आज सगळं कॉम्प्युटरवर आलं आहे. आणि कॉम्प्युटर आला की टेबलाखाली धूळ खात बसलेला तो काळा डबा आलाच! त्याचं नाव यूपीएस, म्हणजे अनइंटरप्टिबल पॉवर सप्लाय. तो नीट चालतो तोवर कुणी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. मग एक दिवस तो 'पीं पीं' करायला लागतो किंवा ऐन वेळी मान टाकतो आणि आपण जाहीर करतो, "यूपीएस गेला!" तो दुकानात न्यायचा, सांगतील तेवढे पैसे द्यायचे, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तीच रड.

या लेखात सांगायचंय ते एवढंच, की पुष्कळ वेळा यूपीएसचं सर्किट अगदी ठणठणीत असतं. दोष असतो येणाऱ्या विजेत, वायरिंगमध्ये, बॅटरीत किंवा आपण त्याच्यावर टाकलेल्या लोडमध्ये. म्हणून तपासणीही याच क्रमाने करावी. आधी वीज, मग वायरिंग आणि अर्थिंग, मग बॅटरी, मग लोड, आणि सर्वांत शेवटी यूपीएस. लागणारी वस्तू एकच, साधा डिजिटल मल्टिमीटर. आपल्यापैकी बहुतेकांकडे तो फर्स्ट इयरपासून पडून आहेच!

आपल्याकडे यूपीएस घरोघरी का आला?

६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती या कंपन्या अस्तित्वात आल्या. नेमका तोच काळ भारनियमनाचा होता. ग्रामीण भागात बारा-बारा तास लाईट नसायची. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, इन्व्हर्टर आणि यूपीएस शहरातून खेड्यापर्यंत पोचले ते याच वर्षांत. आज भारनियमनाचे ते दिवस राहिले नाहीत. पण लाईट झपकन जाऊन परत येणं, व्होल्टेज खाली-वर होणं, डीपीवरचा फ्यूज उडणं हे वाड्या-वस्त्यांवर चालूच असतं. आणि कॉम्प्युटरला तर पाव सेकंदाची झपकीसुद्धा पुरते.

आत नक्की काय चालतं?

अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या पुढे घाटघरचा जलविद्युत प्रकल्प आहे. १२५ मेगावॅटचे दोन संच, एकूण २५० मेगावॅट, २००८ साली सुरू झालेला. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपाने वरच्या धरणात चढवायचं आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज तयार करायची, अशी त्याची पद्धत. पाणी चढवायला जेवढी वीज लागते त्यापेक्षा थोडी कमीच परत मिळते, पण ती हवी त्या वेळी मिळते. यूपीएस बेसिकली हेच काम करतो. फक्त पाण्याच्या जागी १२ व्होल्टची बॅटरी असते. लाईट असताना चार्जर ती भरतो आणि लाईट गेली की इन्व्हर्टर त्या १२ व्होल्ट डीसीचे २३० व्होल्ट एसी करून देतो.

यूपीएसचे प्रकार तीन. ऑफलाईनमध्ये लाईट असताना तीच वीज सरळ कॉम्प्युटरला जाते आणि ती गेल्यावर रिले बदलून बॅटरी कामाला लागते. लाईन-इंटरॅक्टिव्हमध्ये यात स्टॅबिलायझरची भर पडते, म्हणजे व्होल्टेज थोडं कमी-जास्त झालं तर बॅटरीला हात न लावता तो ते सावरतो. आपल्या घरातले ६०० व्हीएचे डबे बहुधा याच प्रकारातले. तिसरा ऑनलाईन. त्यात लोड कायम इन्व्हर्टरवरच चालतो, त्यामुळे बदलण्याचा प्रश्नच येत नाही. दवाखाने, बँका, सर्व्हर रूम इथे तो वापरतात.

हात लावण्याआधी

यूपीएसची पिन काढली म्हणजे तो मेला असं समजू नका! तो चालू असेल तर पिन काढल्यावरही त्याच्या मागच्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात. आधी बटणाने बंद करा, मगच पिन काढा. बोटातली अंगठी, हातातलं कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी तिच्या दोन टर्मिनलवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो. काही यूपीएसमध्ये बॅटरीचे टर्मिनल मेन लाईनपासून आयसोलेटेड नसतात, म्हणून पिन लावलेली असताना टर्मिनलला फक्त मीटरच्या प्रोबच लावायच्या, बोट नाही. आतल्या पॉवर बोर्डचे कपॅसिटर बंद केल्यावरही काही काळ चार्ज धरून असतात. तिथे आपलं काम नाही. बॅटरी फुगलेली असेल, पाझरत असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर पुढची एकही टेस्ट करू नका. यूपीएस बंद करा, खिडक्या उघडा आणि जाणकाराला बोलवा.

आता एकेक तक्रार घेऊ.

तक्रार १ : लाईट आहे, तरी यूपीएस बॅटरीवर चालतो आणि ओरडतो

आधी सॉकेटवर व्होल्टेज मोजा. आपला पुरवठा २३० व्होल्टचा, त्यात ६ टक्के कमी-जास्त धरले तर साधारण २१६ ते २४४ मिळायला हवेत. यूपीएसला किती कमी-जास्त चालतं ते त्याच्या मागच्या लेबलवर लिहिलेलं असतं. त्याच्या बाहेर व्होल्टेज गेलं की तो मुद्दाम बॅटरीवर जातो. हा बिघाड नव्हेच, हे त्याचं कामच आहे.

सॉकेटवर व्होल्टेज बरोबर असेल तर पिन सैल आहे का, एक्स्टेंशन बोर्ड जळका आहे का, यूपीएसच्या मागचा फ्यूज उडालाय का ते बघा. फ्यूज त्याच रेटिंगचा टाकायचा. तिथे तांब्याची तार पिळून बसवणारे महाभाग आहेत. पुढच्या वेळी फ्यूजच्या ऐवजी आख्खा बोर्ड उडतो!

जनरेटरवर यूपीएस बॅटरीवरून हलत नसेल तर फ्रिक्वेन्सी बघा. छोट्या जनरेटरचा स्पीड लोडप्रमाणे बदलतो, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून सरकते आणि यूपीएस ती वीज नाकारतो.

तक्रार २ : यूपीएसमधून सारखा टक-टक आवाज येतो

हा आवाज स्टॅबिलायझरच्या रिलेचा. व्होल्टेज हलतंय म्हणून तो टॅप बदलतोय. दिवसातून चार-दोन वेळा झालं तर सोडून द्या. सारखं होत असेल तर वायरिंगमध्ये कुठेतरी सैल जोड आहे, आणि तो जर न्यूट्रलचा असेल तर प्रकरण गंभीर आहे. थ्री फेज लाईनचा न्यूट्रल तुटला तर एका घरातले बल्ब मंद होतात आणि दुसऱ्या घरातले भगभगीत पेटतात, कारण दोन फेजमधले ४०० व्होल्ट दोन्ही घरांत कसेही वाटले जातात. असं दिसलं की यूपीएस, टीव्ही, फ्रिज बघत बसू नका, मेन स्विच पाडा आणि वायरमनला फोन करा.

तक्रार ३ : कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात

याचं बिल पुष्कळदा यूपीएसच्या नावावर फाडलं जातं. वास्तविक कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये येणाऱ्या लाईनवर फिल्टरचे दोन कपॅसिटर असतात. एक फेजपासून बॉडीला, दुसरा न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थिंग चांगलं असेल तर त्यांच्यातून येणारा किंचित करंट जमिनीत जातो. अर्थिंगच नसेल तर बॉडी दोघांच्या मधोमध लटकते, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी थोडा असल्यामुळे फक्त मुंग्या येतात. पण खरा लीकेज झाला तर जीव वाचवणारी तारच घरात नाही, असा त्याचा अर्थ आहे.

मल्टिमीटरने तीन रीडिंग घ्या. फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ जवळपास तेवढेच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत, म्हणजे ठीक. मात्र मीटर फारच कमी करंट घेतो, त्यामुळे कच्च्या अर्थिंगवरही तो चांगलं रीडिंग दाखवू शकतो. पक्की खात्री टेस्ट लॅम्पने होते, आणि ती वायरमनकडूनच करून घ्यावी. आपला जिल्हा तसा अवर्षणाचा. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून मार्च ते मे अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायला विसरू नका.

तक्रार ४ : लाईट गेली की यूपीएस एक-दोन मिनिटांत बंद पडतो

इथे संशय बॅटरीवर, पण पुराव्यानिशी! रात्रभर चार्ज करा, यूपीएस बंद करून बॅटरी सोडवा, तीन-चार तास तशीच ठेवा आणि मग डीसी रेंजवर मोजा.

१२.७ किंवा जास्त : पूर्ण भरलेली.
१२.२ च्या आसपास : निम्मी.
११.८ च्या खाली : रिकामी.
रात्रभर चार्ज करूनही १०.६ च्या आसपास : आतल्या सहा सेलपैकी एक गेला. प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्टचा, १२.७ मधून २.१ वजा करून बघा!

व्होल्टेज चांगलं दिसलं तरी बॅटरी चांगली असतेच असं नाही. मोटरसायकलच्या हेडलाईटचा १२ व्होल्ट, ३५ वॅटचा बल्ब तिला लावा. तो सुमारे ३ अँपिअर घेतो. चांगली बॅटरी दोन-तीन मिनिटं १२ च्या वर टिकते. म्हातारी बॅटरी मिनिटभरात १० च्या खाली घसरते, म्हणजे तिचा अंतर्गत रेझिस्टन्स वाढला आहे. मग ती बदलायचीच.

बॅटरी बदलण्याआधी आणखी एक रीडिंग अत्यंत महत्त्वाचं. बॅटरी जोडा, यूपीएसला लाईट द्या आणि काही तासांनी टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. १३.५ ते १३.८ मिळाले तर चार्जर उत्तम. व्होल्टेज १२ च्या घरातच अडकलं असेल तर चार्जर काम करत नाही. १४.५ च्या वर कायम राहत असेल तर चार्जर बॅटरीला उकळतोय. या दोन वेळी मात्र दोष खरोखर यूपीएसचा आहे, आणि नवी बॅटरी घालून उपयोग शून्य. तीही मरेल.

तक्रार ५ : बॅटरी नवी, तरी बॅकअप कमी

जरा गणित करू. १२ व्होल्ट गुणिले ७ अँपिअर-अवर म्हणजे ८४ वॅट-अवर. १०० वॅटच्या कॉम्प्युटरला कागदावर ५० मिनिटं मिळायला हवीत. प्रत्यक्षात साधारण वीसच मिळतात. असं का? ७ अँपिअर-अवर हा आकडा वीस तासांत हळूहळू, म्हणजे ०.३५ अँपिअरने बॅटरी वापरली तर मिळणारा आहे. १०० वॅटच्या लोडला इन्व्हर्टर स्वतःचा वाटा धरून बॅटरीकडून १० अँपिअर ओढतो. इतक्या घाईने ओढलं तर ती कमीच देते. तेव्हा वीस मिनिटं मिळत असतील तर तक्रार करू नका. यूपीएस फाईल सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करण्यासाठी आहे, पिक्चर बघण्यासाठी नाही!

दुसरी गल्लत व्हीए आणि वॅटची. ६०० व्हीए लिहिलेला डबा बहुधा ३६० वॅटच देतो. त्यावर लेझर प्रिंटर लावला तर त्याचा हीटर गरम होताना क्षणात ५०० वॅटच्या वर जातो आणि यूपीएस ओव्हरलोड म्हणून किंचाळतो. लेझर प्रिंटर, पंखा, इस्त्री सरळ भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावा.

तक्रार ६ : बॅकअप आहे, पण लाईट जाताना कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो

रिले बदलायला साधारण ४ ते १० मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या कपॅसिटरवर निभावायचा असतो. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर १६-१७ मिलिसेकंद सहज काढतो. जुन्याचे कपॅसिटर सुकलेले असतात आणि तो ५ मिलिसेकंदांतच दम तोडतो. परीक्षा सोपी आहे. तोच यूपीएस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथे चालला तर यूपीएस निर्दोष सुटला.

एका दूध केंद्राची केस

हे सगळं वाचून वाटेल, एवढं मोजत कोण बसणार? म्हणून एक उदाहरण देते. संगमनेर तालुक्यात एका वस्तीवर माझ्या मामांचं दूध संकलन केंद्र आहे. वजनकाटा, फॅट मोजायचं मशिन, कॉम्प्युटर आणि पावतीचा प्रिंटर, सगळं मिळून १५० वॅटच्या आसपास. यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे लोडचा प्रश्न नाही. तरीसुद्धा एका वर्षात दोन बॅटऱ्या गेल्या आणि एकदा दुकानदाराने बोर्डही बदलला. संध्याकाळी लाईट झपकली की सगळं बंद!

याने बिघडतं काय? गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली गेलं की भाव कापला जातो. मशिन बंद पडलं की रांग खोळंबते, उन्हाळ्यात कॅनमधलं दूध तापतं आणि शेवटी कालचाच फॅट वहीत लिहून दूध घ्यावं लागतं. मग एखाद्या आजी म्हणतात, "आज सरकी पेंड घातली होती रं, आजचं फॅट जास्त असतं." त्यांचं खरं असेलही, पण दाखवायला पावती नाही. लिटरमागे रुपया-दीड रुपयाचा प्रश्न असला तरी दहा दिवसांच्या पगारात तो दिसतो. मामांना त्याहून जास्त टोचत होता तो लोकांच्या नजरेतला संशय.

मामांचं निदान ठरलेलं होतं. "बॅटऱ्याच डुप्लिकेट मिळतात हल्ली." मी म्हणाले, "मामा, आधी दिवसभर व्होल्टेज लिहून काढू." दोन दिवस दर तासाला रीडिंग घेतलं. सकाळच्या संकलनाला २२८. नंतर थ्री फेज आली, आसपासच्या विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या आणि व्होल्टेज १५८ वर आलं. यूपीएसच्या लेबलवर खालची मर्यादा १६५! म्हणजे दुपारभर केंद्राला कुलूप, कॉम्प्युटर बंद, आणि आत यूपीएस एकटाच बॅटरीवर बसून ओरडतोय. लोड नसला तरी यूपीएस स्वतःसाठी बॅटरी खातोच. चार वाजेपर्यंत ती रिकामी. मोटारी बंद झाल्यावर व्होल्टेज पुन्हा २२५ च्या वर, पण संध्याकाळच्या संकलनापर्यंत चार्जिंगला मिळाले दोन तास, आणि चार्जरचा करंट एक अँपिअरहून कमी. त्यात वर पत्र्याचं छत! अशा बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना मोजलेलं असतं आणि त्यावर दर आठ-दहा अंशांना ते जवळपास निम्मं होत जातं. रोज रिकामी होणारी, कधीच पूर्ण न भरणारी आणि उन्हात भाजणारी बॅटरी कितीही ओरिजिनल असली तरी काय करणार?

उपाय असे झाले. यूपीएसच्या आधी १४० व्होल्टपर्यंत सावरणारा स्टॅबिलायझर बसवला. यूपीएस पत्र्याखालून काढून पक्क्या भिंतीच्या सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच ठेवला. रीडिंगचा तक्ता जोडून महावितरणकडे लेखी अर्ज दिला. शिवाय डीपीवरच्या शेतकऱ्यांना मोटारीला कपॅसिटर बसवायची विनंती मामांनी स्वतः केली, कारण कपॅसिटरमुळे मोटार लाईनमधून कमी करंट ओढते आणि सगळ्यांचंच व्होल्टेज सुधारतं. निम्म्यांनी बसवले. बॅटरी तिसऱ्यांदा घ्यावी लागली, पण उन्हाळा काढून ती अजून चालू आहे, आणि पावतीही रोज निघते.

महिन्यातून एकदा एवढं करा

कॉम्प्युटर चालू ठेवा, कामाच्या फाईल सेव्ह करा आणि भिंतीवरचं सॉकेटचं बटण बंद करा. पिन ओढू नका, कारण पिन ओढली की अर्थिंगही सुटतं. यूपीएस किती मिनिटं काढतो ते त्याच्यावर चिकटवलेल्या कागदावर तारखेसह लिहा. पहिल्या महिन्यात २० मिनिटं आणि दोन वर्षांनी ८ झाली की नवी बॅटरी घ्यायची वेळ झाली. परीक्षेच्या आदल्या रात्री ते कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं! झरोक्यांवरची धूळ पुसा. आणि महिनाभर सुट्टीला जाणार असाल तर बॅटरी पूर्ण भरून मगच यूपीएस बंद करा.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला विकू नका. तिच्यात शिसं आणि गंधकाचं आम्ल असतं. फोडली की ते जमिनीत आणि विहिरीत जातं. २००१ च्या नियमांपासून विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घ्यावी अशी व्यवस्था आहे, आणि २०२२ च्या नव्या नियमांनी उत्पादकांवर ती जबाबदारी टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानात द्या, बिलातही थोडी सूट मिळते.

तेव्हा दोस्तांनो, सुट्टीत गावी जाल तेव्हा मल्टिमीटर बॅगेत टाका. ग्रामपंचायतीत, शाळेत, दूध केंद्रात एखादा यूपीएस ओरडत असेलच. तो उघडण्याआधी सॉकेटवरचं व्होल्टेज मोजा, आणि एकदा नाही, दिवसातून चार वेळा मोजून कागदावर लिहा. वायरमन असो की दुकानदार, त्या कागदापुढे अंदाजाला जागा राहत नाही.